पाऊण सेकंद

मासेरूच्या कॉलेजातून एक मुलगी आली,
लिमाकात्सो नावाची, बावीस-तेवीसची,
गळ्यात स्टॉपवॉच, हातात छापील तक्ता.
म्हणाली, 'बाई, मी मागे बसते. तुम्ही मला विसरून जा.'
तेवीस वर्षं मी शिकवते आहे.
मागे बसलेलं कुणी विसरता येत नाही
हे तिला अजून कुणी शिकवलेलं नव्हतं.

तास संपल्यावर तिने तक्ता पुढे केला.
मी विचारलेले प्रश्न : एकसष्ट.
प्रत्येक प्रश्नानंतर मी थांबले तो वेळ, सरासरीने : पाऊण सेकंद.
'मग उत्तरं देतं कोण?' मी विचारलं.
ती काही बोलायच्या आत
मीच सांगून टाकलं : 'मी.'
तिने घड्याळाकडे पाहिलं
आणि हसू दाबलं.

'तीन सेकंद थांबून बघाल?'

तीन सेकंद!
तीन सेकंदांत दूध उतू जातं,
मेंढरू कड्यावरून जातं,
अठ्ठावन्न पोरांच्या वर्गाचा बाजार होतो.
आम्ही शिकलो तेव्हा
वर्गातली शांतता म्हणजे बाईंना धडा येत नाही.
आमचे मास्तर तर प्रश्न संपायच्या आत खडू फेकत,
आणि नेम चुकत नसे.

तरी दुसऱ्या दिवशी फळ्यावर एक गोल पाव काढला.
चार सारखे तुकडे केले.
पावाचा पाव हिस्सा कुत्र्याने नेला, राहिलं किती?
एवढं विचारून हात पाठीमागे घेतले,
एका हाताने दुसऱ्याचं मनगट धरलं
चोर धरावा तसं.

एक. पत्र्यावर वारा.
दोन. नेहमीचे चार हात वर, बोटं वळवळतायत.
तीन. माझ्याच पोटातला आवाज मला ऐकू आला.
चार. वर झालेले हातसुद्धा घाबरून
थोडे खाली आले.
पाच.

मागून मोत्लात्सी बोलला,
वर्षातले सहा महिने कुरणावर असणारा,
घोंगडीतून नाकाएवढाच दिसणारा,
माझ्या वहीत ज्याच्या नावापुढे 'हजर' याहून जास्त काही नाही :
'बाई, कुत्रा आपलाच असेल
तर पाव कमी कुठे झाला?'

वर्ग हसला.
मला हसता आलं नाही.
याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं,
पाऊण सेकंदात तर नव्हतंच.
मी लिमाकात्सोकडे पाहिलं.
तिच्या तक्त्यावर तीनच रकाने : बरोबर, चूक, गप्प.
तिने टोपण दातांत धरलं,
मग समासात, आडवं, बारीक अक्षरांत
बराच वेळ काहीतरी लिहीत राहिली.

फार काही बदललं म्हणू नका.
गुरुवारी तपासणीला साहेब आले
आणि मी पुन्हा भरधाव सुटले,
प्रश्न माझे, उत्तरं माझी, शाबासकीही माझीच.
साहेबांनी 'वर्गावर उत्तम पकड' असा शेरा दिला.
लिमाकात्सो तिचे कागद घेऊन मासेरूला गेली.
तिच्या प्रबंधात मला नाव नाही,
मी तिथे शिक्षिका क्रमांक सात.

रविवारी मुलीला फोन लावला, ब्लूमफाँटेनला.
सीमेपलीकडचं मिनिट महाग,
म्हणून आमचं बोलणं नेहमी धावतं :
जेवलीस ना, खोली गरम आहे ना, कामावर ठीक ना,
आणि तिच्या वतीने मीच म्हणते,
बरं, बरं, छान.

या वेळी एकच विचारलं.
मनगट धरायला हात मोकळा नव्हता,
घोंगडीचं टोक मुठीत धरलं.
एक. दोन. पैसे जळत होते.
तीन. पलीकडे कुणीतरी दार लावलं.
चार, पाच.
सहा.
'आई,' ती म्हणाली, 'आहेस ना लाइनवर?'
'आहे.'
आणि मी पुन्हा मोजायला लागले,
एकपासून.